लंबदुभाजक: कोन बरोबर ९० येतो, पण मध्यबिंदू चुकतो

रेघोट्या

लेक सध्या भौमितिक रचना शिकते आहे. काल लंबदुभाजकाची रचना करत होती आणि आम्ही दोघीही अडकलो, म्हणून हा धागा.

तिने काय केलं ते जसंच्या तसं लिहिते. रेख अब ७ सेमी. कंपासमध्ये ५ सेमी अंतर घेतलं. अ वर टोक ठेवून वर एक कंस, खाली एक कंस. मग ब वर टोक ठेवून पुन्हा वर-खाली कंस. वरच्या छेदनबिंदूला व म्हटलं, खालच्याला ख. वख रेषा काढली, ती अब ला जिथे छेदते तो म.

कोनमापक लावला तर कोन नेमका ९०. गुण्या लावून पाहिला, तोही तंतोतंत बसला. पण अम भरतो ३६ मिमी आणि मब ३४ मिमी! पुसून तीनदा केलं. तिन्ही वेळा कोन चोख आणि म मात्र ब च्या बाजूला सरकलेला. लेकीचा प्रश्न असा: "रचना चुकली असेल तर कोन बरोबर कसा येतो? आणि बरोबर असेल तर मध्य कसा चुकतो?" मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकात पायऱ्या आहेत, पण त्या पायऱ्यांनी लंबदुभाजकच का मिळतो ते तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मोरपीस

पट्टी आधी तपासा. पट्टीची कड झिजली की शून्याची खूण फसवते. १ च्या खुणेपासून मोजा आणि एकदा पट्टी उलटी धरून मोजा.

रेघोट्या

मोजलं. १० च्या खुणेपासून धरलं तरी अब ७.० सेमीच आहे. अम आणि मब ची तुलना कर्कटकानेही केली. अम एवढं उघडून मब वर ठेवलं तर टोक ब च्या पलीकडे जातं. फरक खरा आहे.

खडू_फळा

मी बरीच वर्षं गणित शिकवतो आहे. आधी लेकीच्या "का" चं उत्तर देतो, कारण तिला तेच हवं आहे आणि ते तिच्या हक्काचं आहे.

कंपासमधलं अंतर न बदलता अ आणि ब वरून कंस काढले, म्हणजे व हा बिंदू दोन्ही टोकांपासून सारखाच दूर आहे. ख सुद्धा. आता त्रिकोण अवख आणि बवख पाहा. अव = बव, अख = बख, आणि वख ही बाजू दोघांत सामाईक. बाबाबा कसोटीने ते एकरूप झाले. म्हणून व पाशी झालेले दोन कोन, अवम आणि बवम, सारखे. आता लहान त्रिकोण अवम आणि बवम घ्या. अव = बव, मधला कोन सारखा, वम सामाईक, म्हणजे बाकोबा. झाले एकरूप. त्यामुळे अम = बम, म्हणजे दुभाजक. शिवाय म पाशी शेजारशेजारचे दोन कोन सारखे आणि त्यांची बेरीज १८०, म्हणजे प्रत्येकी ९०. लंबही झाला.

व्यत्यासही खरा आहे. लंबदुभाजकावरचा कुठलाही बिंदू घ्या, तो दोन्ही टोकांपासून समदूर असतो. आणि समदूर असलेला एकही बिंदू या रेषेबाहेर सापडत नाही. मुलांना मी सांगतो की ही रेषा म्हणजे अ आणि ब यांच्यापासून समदूर असलेल्या सगळ्या बिंदूंची रांग आहे, कंपासने त्या रांगेतले फक्त दोन हुडकले आणि उरलेली रांग पट्टीने जोडली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. वरची सिद्धता "अव = बव" वर उभी आहे. ते मोडलं तर सगळंच कोसळायला हवं, कोनसुद्धा. तरी तुमचा कोन टिकला. हे मला स्वतःलाच चमत्कारिक वाटतं आहे. विचार करून लिहितो.

अनुस्वार

एक बारकी शंका, विषय चालूच आहे म्हणून. "निम्म्यापेक्षा जास्त अंतर घ्या" असं का सांगतात? अर्धंच घेतलं तर?

मोरपीस

अर्धंच, म्हणजे ३.५ सेमी घेतलं तर दोन्ही वर्तुळं फक्त म पाशी एकमेकांना टेकतील. एकच बिंदू मिळाला, रेषेला दोन लागतात. अर्ध्यापेक्षा कमी घेतलं तर भेटच नाही.

गुण्या_आणि_खिळा

थोडंच जास्त घेतलं तरीही चालत नाही, हे हाताने काम करणाऱ्याला लगेच कळतं. मी लाकूडकाम करतो. ७ सेमीला ३.६ चं अंतर घेतलं तर व आणि ख मध्ये जेमतेम १७ मिमी उरतात. एवढ्या जवळच्या दोन टिंबांवरून लांब रेघ ओढायची म्हणजे टिंब अर्धा मिलिमीटर हललं तरी रेघ दीड-दोन अंश तिरकी जाते. ५ चं अंतर घेतलं की टिंबांमध्ये ७१ मिमी येतात, तोच अर्धा मिलिमीटर तिथे अर्धा अंशही हलवत नाही. शिवाय ५ ला कंस एकमेकांना जवळपास काटकोनात छेदतात, त्यामुळे छेद स्वच्छ दिसतो. लांबीच्या साधारण ०.७ पट घ्यावं. ताईंच्या मुलीने ५ घेतलं ते अगदी योग्य घेतलं.

त्रिज्या

रेघोट्या ताई, एक विचारते. मुलीने कंस कुठल्या क्रमाने काढले? आधी अ वरून वरचा आणि खालचा दोन्ही, आणि मग ब वरून दोन्ही, असंच ना? तिन्ही वेळा?

रेघोट्या

हो, तसंच. तिन्ही वेळा.

त्रिज्या

मग मला वाटतं चोर सापडला. कंपासचा स्क्रू सैल आहे. अ वरचे दोन कंस ५ सेमीनेच निघाले. कंपास उचलून ब वर रोवताना पाय किंचित जवळ आले, आणि ब वरचे दोन्ही कंस थोड्या कमी अंतराने निघाले. म्हणजे व आणि ख दोघंही ब च्या जवळ, आणि दोघंही सारख्याच मापाने.

कोन तरी का टिकला, ते पायथागोरसच्या प्रमेयाने दिसतं. व पासून अब वर लंब टाका, त्याचा पाया म समजा. मग

अव² = अम² + वम²
बव² = बम² + वम²

दुसरं पहिल्यातून वजा करा. वम² दोन्हीकडे आहे, ते उडालं:

अव² − बव² = अम² − बम²

उजव्या बाजूला उंचीचा पत्ताच नाही. म्हणजे अ आणि ब पासूनच्या अंतरांच्या वर्गांत ठरावीक फरक असलेले सगळे बिंदू, वरचे असोत की खालचे, अब वर एकाच ठिकाणी लंब टाकतात. ते सगळे अब ला लंब असलेल्या एकाच रेषेवर बसतात. फरक शून्य असेल तर ती रेषा मध्यातून जाते. शून्य नसेल तर सरकते, पण लंबच राहते.

तुमच्या आकड्यांवर ताडून पाहा. अम² − बम² म्हणजे (अम + बम) × (अम − बम), म्हणजे ७ × ०.२ = १.४. अ वरून अंतर ५, त्याचा वर्ग २५. तेव्हा ब वरच्या अंतराचा वर्ग २५ − १.४ = २३.६ असायला हवा. त्याचं वर्गमूळ साधारण ४.८६. माझा अंदाज की ब वरचे कंस काढून झाल्यावर कंपासमध्ये ५ नसून सुमारे ४ सेमी ८.६ मिमी आहेत. रचना झाल्यावर कंपास न हलवता पट्टीवर ठेवून पाहा.

खडू_फळा

त्रिज्या ताई, मनापासून आभार. माझं कुठे चुकत होतं ते दिसलं. मी लंब आणि दुभाजक यांना एकाच सिद्धतेची दोन फळं मानत होतो. समदूर असणं मोडलं की माझी सिद्धता मोडते, हे खरं. पण सिद्धता मोडली म्हणून तिचं साध्य खोटं ठरत नाही, ते दुसऱ्या वाटेने खरं असू शकतं. हे मी वर्गात सांगतो आणि इथे स्वतः विसरलो.

यावरून आठवलं. यूक्लिडने, म्हणजे इ.स.पू. ३०० च्या सुमारास, या दोन गोष्टी वेगवेगळ्याच ठेवल्या आहेत. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात दहावं विधान रेषाखंड दुभागण्याचं आहे आणि अकरावं रेषेवरच्या बिंदूतून लंब काढण्याचं. दहाव्यात तो रेषाखंडावर समभुज त्रिकोण उभारतो आणि शिरोकोन दुभागतो. तिथे लंबाचा उल्लेखही करत नाही, जरी ती रेघ लंबच असते. आपली चार कंसांची रचना दोन्ही कामं एका दमात करते, म्हणून ती दोन कामं आहेत हेच नजरेआड होतं.

रेघोट्या

आत्ताच करून पाहिलं! रचना संपल्यावर कंपास अलगद उचलून पट्टीवर ठेवला. ४ सेमी ८ मिमीच्या पुढे, ४.९ च्या अलीकडे. लेक "आई, त्या काकूंना दिसलं कसं?" म्हणून दोनदा वाचून गेली. वर्ग आणि वर्गमूळ तिने स्वतः मांडून पाहिलं.

स्क्रू पिळला, पण पेन्सिलची खोबणीही सैल आहे. यावर काय करावं?

गुण्या_आणि_खिळा

सोपा उपाय सांगतो. आम्ही मोठ्या फळीवर अशी आखणी करताना लाकडी पट्टीला दोन खिळे मारतो. एक खिळा बिंदूवर रोवायचा, दुसऱ्याने ओरखडा काढायचा. खिळ्यांमधलं अंतर हलायचा प्रश्नच नाही. सुतळीने करू नये, ती ताणते आणि मग हाच घोटाळा होतो. मुलीला जाड पुठ्ठ्याची पट्टी कापून द्या, ५ सेमीवर दोन भोकं पाडा. एका भोकात टाचणी, दुसऱ्यात पेन्सिलचं टोक. त्रिज्या सरकायची कुठून?

अनुस्वार

कंपास तोच ठेवून नुसता क्रम बदलला तर? आधी वरचे दोन, मग खालचे दोन?

त्रिज्या

छान प्रश्न. समजा प्रत्येक कंसामागे कंपास थोडा थोडा मिटत जातो. अ-वर, ब-वर, मग ब-खाली, अ-खाली असा क्रम लावा. वरच्या जोडीत ब चं अंतर कमी पडतं, म्हणून व ब कडे सरकतो. खालच्या जोडीत अ चं कमी पडतं, म्हणून ख अ कडे सरकतो. जोडणारी रेघ किंचित तिरपी होते, पण जवळजवळ मध्यातूनच जाते. दर कंसामागे अर्धा मिलिमीटर घसरण धरली तर तिरपेपणा अर्ध्या अंशाच्या आसपास येतो, कोनमापकावर तो जाणवणारही नाही. तेव्हा मध्यबिंदू महत्त्वाचा असेल तर हा क्रम, लंब महत्त्वाचा असेल तर पुस्तकातला. दोन्ही हवं असेल तर पुठ्ठ्याची पट्टी.

आणि वरच्या आणि खालच्या जोडीत तेच अंतर हवं, असंही नाही. वर ५ आणि खाली ६ घेतलं तरी चालतं. जोडीतल्या जोडीत सारखं हवं, बस.

मोरपीस

हे मला माहीत नव्हतं! मग रेषाखंड कागदाच्या अगदी तळाशी असेल आणि खाली जागाच नसेल तर दोन्ही बिंदू वरच घेता येतील?

त्रिज्या

येतील. ७ सेमीला एकदा ४ आणि एकदा ८ घ्या. एक बिंदू अब पासून साधारण १.९ सेमी वर येईल, दुसरा ७.२ वर. जोडा आणि रेघ खाली वाढवा. ५ आणि ५.५ अशी जवळजवळची अंतरं घेऊ नका, कारण गुण्या_आणि_खिळा यांनी सांगितलेली अडचण तिथेही येते.

खडू_फळा

ज्यांची मुलं पुढच्या वर्गात आहेत त्यांच्यासाठी हेच निर्देशकांत दाखवतो. अ (२, १) आणि ब (६, ९). बिंदू (क्ष, य) दोघांपासून समदूर:

(क्ष − २)² + (य − १)² = (क्ष − ६)² + (य − ९)²

कंस सोडवले की क्ष² आणि य² दोन्हीकडून जातात आणि उरतं क्ष + २य = १४. वर्ग उडाले म्हणूनच उत्तर रेषा आली, नाहीतर वक्र आलं असतं. मध्यबिंदू (४, ५) त्यात घालून पाहा: ४ + १० = १४. त्रिज्या ताईंचा "ठरावीक फरक" इथे घातला तर फक्त १४ च्या जागी दुसरी संख्या येते. चढ तोच राहतो. रेषा सरकते, वळत नाही.

कागदी_होडी

साधनांशिवायची रीत कुणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते. पातळ कागदावर अब काढा, उजेडासमोर धरा, आणि अ नेमका ब वर येईल अशी घडी घाला. कागद उलगडला की घडीची रेघ हाच लंबदुभाजक. घडीवर कुठेही टिंब द्या, ते अ आणि ब पासून सारखंच दूर असतं, कारण घडी मिटली की ती दोन अंतरं एकमेकांवर चपखल बसतात. कंपासची रचना बरोबर आली की नाही हे तपासायला मी मुलांना हीच घडी घालायला लावते. याच कागदावर त्रिकोण काढा आणि तिन्ही बाजूंच्या अशा घड्या घाला. तिन्ही एकाच बिंदूतून जातात. पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

अनुस्वार

तिन्ही एकाच बिंदूत कशा काय भेटतात?

कागदी_होडी

पहिली घडी म्हणते, माझ्यावरचा बिंदू अ आणि ब पासून समदूर. दुसरी म्हणते, ब आणि क पासून समदूर. दोघी जिथे भेटल्या तो बिंदू तिघांपासून समदूर झाला. मग अ आणि क पासूनही समदूर आहेच, म्हणून तिसरीला तिथून जावंच लागतं. तोच परिकेंद्र. तिथे कंपास रोवला की तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारं परिवर्तुळ निघतं. काटकोन त्रिकोणात तो कर्णाच्या नेमक्या मध्यावर येतो, विशालकोनात त्रिकोणाबाहेर पडतो. त्यासाठी कागद मोठा घ्या, नाहीतर घड्या कागदावर भेटतच नाहीत.

गुण्या_आणि_खिळा

याचाच उलटा उपयोग मी करतो. गोल फळीचं केंद्र हरवलं असेल तर कडेवर तीन खुणा करायच्या, त्या दोन रेघांनी जोडायच्या, दोन्ही जीवांचे लंबदुभाजक काढायचे. छेदतील तिथे केंद्र. खुणा लांब लांब घ्याव्या, जवळ घेतल्या तर दोन्ही रेघा जवळजवळ समांतर धावतात आणि नेमकं कुठे छेदल्या ते कळत नाही.

रेघोट्या

सगळ्यांचे आभार. पुठ्ठ्याच्या पट्टीने आज ३५ आणि ३५ आले.

पण लेकीने नवा प्रश्न काढला आहे. "सारखं अंतर असेल तर रेषा येते. वर्गांतला फरक ठरावीक असेल तरी रेषा. मग एक अंतर दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर? तीही सरकलेली रेषाच का?" मला वाटलं होतं, असेल. खात्री नाही म्हणून विचारते.

त्रिज्या

उत्तर सांगत नाही, तिला काढू दे. या वेळी अब ६ सेमी घ्या. अ पासून ८ आणि ब पासून ४ असे कंस, छेदनबिंदूंवर टिंबं. मग ६ आणि ३. मग ५ आणि २.५. मग १० आणि ५. वर-खाली सगळी टिंबं द्यायची. शिवाय अब रेषेवरच दोन जागा आहेत, त्या तिने स्वतः शोधायच्या. एक अब च्या आत आहे, दुसरी ब च्या पलीकडे.

खडू_फळा

टिंबं देऊन झाल्यावर मगच वाचा: या आकृतीला अपोलोनियसचं नाव आहे, आणि लंबदुभाजक हा तिच्या कुटुंबातला एकटा सरळ सदस्य. दोन अंतरांचं गुणोत्तर १ असेल तेवढ्याच वेळी रेषा येते.

रेघोट्या

टिंबं वळली! सरळ रेषा मुळीच नाही. अब वरची टिंबं तिला अ पासून ४ सेमीवर आणि १२ सेमीवर मिळाली. बाकीची मिळून आठ. सगळी एका गोलावर आहेतसं दिसत होतं, पण "दिसतंय म्हणजे आहे का?" म्हणाली, आणि काकांची फळीची रीत वापरली. तीन टिंबं निवडली, दोन जीवा जोडल्या, दोघींचे लंबदुभाजक काढले. ते ब च्या पलीकडे २ सेमीवर, अब च्याच रेघेवर छेदले. तिथे कंपास रोवून ४ सेमी त्रिज्येने फिरवला, तर दहाही टिंबांवरून गेला. एका टिंबाला थोडा चुकला, ५ आणि २.५ वाल्या खालच्या. ते ती आता पुन्हा काढते आहे.